संमती आणि शरणागती : बलात्काराच्या खटल्यातील साक्षीचे मूल्यमापन

अहमदनगर, म्हणजेच आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील कोपर्डी येथे २०१६ साली एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. नगरच्या सत्र न्यायालयाने २०१७ मध्ये तिघा आरोपींना फाशीची शिक्षा सुनावली. त्या खटल्यात साक्ष देण्यास मुलगी हयात नव्हती आणि तिचे वय पाहता संमतीचा प्रश्नही उद्भवत नव्हता. परंतु जेथे स्त्री स्वतः साक्षीस उभी राहते आणि आरोपी तिच्या संमतीचा दावा करतो, तेथे न्यायालयापुढे दोन प्रश्न येतात : तिच्या एकटीच्या शब्दावर विसंबावे काय? आणि तिच्या प्रतिकाराचा अभाव कशाचा निदर्शक मानावा?

या प्रश्नांची कसोटी पाहणारा खटला महाराष्ट्रातच घडला. मार्च १९७२ मध्ये देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप एका शिपायावर, तर विनयभंगाचा आरोप हवालदारावर ठेवण्यात आला. मुलीचे वय सोळाहून कमी असल्याचे सिद्ध न झाल्याने संमतीचा मुद्दा निर्णायक ठरला. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोघांनाही निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये तो निर्णय फिरविला. भयाने वश होणे म्हणजे संमती नव्हे, हे त्यामागील तत्त्व होते. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र अंगावर जखमा नसल्याच्या मुद्द्यास महत्त्व देऊन दोघांची मुक्तता केली. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, लतिका सरकार व रघुनाथ केळकर या कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांस लिहिलेल्या अनावृत पत्रात नेमका हाच भेद मांडला.

त्याचा परिणाम कायद्यावर झाला. १९८३ च्या दुरुस्तीनुसार, पोलिसांच्या ताब्यातील बलात्कारासारख्या काही प्रकारांत शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने न्यायालयात असंमती सांगितली, तर संमती नव्हती असे गृहीत धरावे लागते. हे गृहीतक पुराव्याने खोडता येते. आरोपीचा बचावाचा हक्क त्यामुळे नष्ट होत नाही. नागपूरच्या एका पोलीस उपनिरीक्षकाविरुद्धच्या खटल्यात १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पीडिता ही गुन्ह्यातील साथीदार नसून जखमी साक्षीदाराच्या दर्जाची आहे. तिची साक्ष विश्वसनीय असेल, तर दुजोऱ्यावाचूनही ती पुरेशी ठरू शकते. २०१३ च्या दुरुस्तीने संमतीची व्याख्या दिली : ती निःसंदिग्ध व स्वेच्छेची हवी, आणि केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येत नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही हे तत्त्व कायम आहे.

येथे भाषाभ्यासकाचा प्रांत सुरू होतो. 'मौन हे संमतीचे लक्षण' हे आपल्याकडील जुने वचन सभेतील ठरावास लागू पडेल. बंद दाराआडच्या स्त्रीस ते लागू पडत नाही. मराठी व्याकरणही हा भेद जाणते. 'मी ओरडले नाही' या वाक्यात केवळ कृतीचा अभाव सांगितला आहे. 'माझ्याच्याने ओरडवले नाही' या शक्य क्रियापदाच्या प्रयोगात सामर्थ्याचा अभाव आहे. पहिले विधान संमतीच्या बाजूने ओढून नेता येते, दुसरे शरणागतीकडे निर्देश करते. जबाब लिहिताना दुसऱ्याचे पहिले झाले, तर पुराव्याचा अर्थच पालटतो. नगरच्या न्यायालयात मराठीतून दिलेली साक्ष अपिलात औरंगाबाद खंडपीठापुढे जाते, आणि तेथील कामकाज इंग्रजीत चालते. तेव्हा भाषांतरातही हा धोका संभवतो.

साक्षीची विश्वसनीयता ठरविण्याचा अधिकार न्यायालयाचाच आहे, आणि संशयाचा फायदा आरोपीस मिळावा हे तत्त्वही अबाधित आहे. परंतु साक्ष तोलण्यापूर्वी ती जशी उच्चारली गेली तशी नोंदली जाणे आवश्यक आहे. कारण तिच्या एका क्रियापदावरही संमती व शरणागती यांमधील निर्णय अवलंबून राहू शकतो.