पैनगंगेपलीकडील मायबोली

डोंगराआड वसलेल्या कोकणी घराला अँटेनाची मर्यादा नव्याने सांगावयास नको. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी कुटुंबांची अडचण मात्र डोंगराची नाही, अंतराची आहे. मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी फार तर क्षितिजापर्यंत पोहोचतात. हैदराबाद तर तेथून सुमारे ३०० किलोमीटर दूर! त्यातच दूरदर्शनने आपली बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत बंद केली. तेव्हा अँटेना की उपग्रह, हा वाद तेथे उरलेलाच नाही.

३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रह पैनगंगेची सीमा मानीत नाही. २००४ साली सुरू झालेल्या, मासिक शुल्क नसलेल्या दूरदर्शनच्या 'फ्री डिश' सेवेत 'यादगिरी'ची तेलुगू आणि 'सह्याद्री'ची मराठी एकाच तबकडीतून घरात येतात. मुसळधार पावसात चित्र हरपते. हाय-डेफिनिशन चित्रासाठी जुना एमपीईजी-२ सेट-टॉप बॉक्स बदलावा लागतो. एवढी झीज सोसण्याजोगी आहे.

परंतु या सेवेतील जागा खासगी वाहिन्यांना लिलावाने दिल्या जातात. त्या बाजारात भाषिक अल्पसंख्याकांची मायबोली कोपऱ्यात ढकलली जाऊ नये, ही दक्षता प्रसारभारतीने घेतलीच पाहिजे.