शाळेच्या फाटकापासून ५० मीटर

चेन्नईत चारच्या सुमारास शाळा सुटतात. मैलापूर, ट्रिप्लिकेन, सावकारपेठ, कुठल्याही शाळेसमोरच्या पेट्टी कडैकडे, म्हणजे टपरीवजा दुकानाकडे, त्या वेळी नीट बघावं. दर्शनी भागात चिप्सच्या आणि मसाला काड्यांच्या छोट्या पाकिटांच्या माळा सोडलेल्या असतात. फळीवर टॉफी, बिस्किटं आणि शेंगदाण्याच्या चिक्कीच्या बरण्या, आत शीतपेयांचा फ्रीज. केळ्यांचा घडही असतो, पण तो वर टांगलेला, मोठ्या माणसाच्या हाताला येईल असा. पाकिटांच्या माळा मात्र दुसरी-तिसरीतल्या मुलाच्या डोळ्यांसमोर लोंबतात. सावकारपेठेत गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यानिमित्त सांगली जिल्ह्यातून, विटा-आटपाडीकडून येऊन स्थिरावलेली मराठी कुटुंबं आहेत. त्यांची मुलंही याच माळांखाली उभी राहतात, आणि पुण्या-सोलापुरातलं चित्रही काही वेगळं नाही. या खाऊबद्दल पालक जे बोलतात त्यात काळजी खरी असते, माहिती मात्र पुष्कळदा अर्धवट असते.

शाळेबाहेर कोणी काय विकावं याला कायदाच नाही, असं अनेकांना वाटतं. कायदा आहे. शाळांतल्या जंक फूडविरुद्ध उदय फाउंडेशन या संस्थेने २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. न्यायालयाचा निर्णय २०१५ मध्ये आला आणि पुढे एफएसएसएआय, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने शाळकरी मुलांच्या आहाराचे नियम सप्टेंबर २०२० मध्ये अधिसूचित केले. १ जुलै २०२१ पासून ते देशभर लागू आहेत. संपृक्त चरबी, ट्रान्स फॅट, वरून घातलेली साखर किंवा सोडियम जास्त असलेले पदार्थ शाळेच्या कँटीनमध्ये, खानावळीत, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आणि शाळेच्या फाटकापासून कोणत्याही दिशेला ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. महाराष्ट्राने त्याआधीच, मे २०१७ मध्ये, शाळांच्या कँटीनमधून असे पदार्थ हटवण्याचा आदेश काढला होता.

नियम माहीत असलेल्यांचा गैरसमज याच्या अगदी उलटा असतो: बंदी झाली, म्हणजे प्रश्न सुटला. पण ५० मीटर म्हणजे किती? मित्राशी बोलता बोलता मूल तेवढं अंतर मिनिटभरात पार करतं. तंबाखूच्या विक्रीला शैक्षणिक संस्थांपासून १०० यार्डांची, म्हणजे सुमारे ९१ मीटरची मनाई आहे. खाऊला त्याच्या जवळपास निम्मी. दुकानाला दुकान लागून असलेल्या चेन्नईच्या जुन्या वस्त्यांत ५१व्या मीटरवरही टपरी असतेच. शिवाय हातातल्या पाकिटात साखर किंवा मीठ ‘जास्त’ आहे की नाही, हे दुकानदाराने ओळखायचं कसं? बारीक अक्षरातला तक्ता त्याने वाचत बसावा, ही अपेक्षा मला अवाजवी वाटते. चिलीने २०१६ पासून अशा पाकिटांवर ठळक काळा अष्टकोन छापायला लावला आणि ज्यावर तो आहे ते शाळेत विकायचं नाही असं ठरवून टाकलं. आपल्याकडे पाकिटाच्या दर्शनी बाजूवरच्या इशाऱ्याचा प्रश्न इतका रेंगाळला की २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मुदत घालून द्यावी लागली.

पालकांच्या तोंडी हमखास येणारं वाक्य म्हणजे ‘गाडीवरचं नको, पाकीटबंद घे’. ते निराधार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तामिळनाडूने ‘म्हातारीच्या केसां’वर बंदी घातली, कारण मरीना बीचसारख्या ठिकाणांहून घेतलेल्या नमुन्यांत ऱ्होडामाइन-बी हा कापड रंगवण्याचा रंग सापडला होता. दूषित पाणी, माशा, पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल हे धोकेही खरेच आहेत. पण पाकीटबंद असणं ही स्वच्छतेची खूण झाली, पोषणाची नव्हे. बटाटा चिप्सच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३३ ते ३५ ग्रॅम चरबी असते, वर मीठ. पाकीट कितीही निर्जंतुक असलं तरी त्यात फरक पडत नाही. उलट टोपलीत कैरीच्या फोडी, पेरू, आवळे घेऊन शाळेबाहेर बसणाऱ्या बाईच्या मालात काळजी करायची ती पाण्याची, सुरीची आणि वरून भुरभुरलेल्या तिखट-मिठाची. ती काळजी हात धुवायला पाणी, झाकण आणि थोडी देखरेख यांनी दूर होते. तिच्यासारख्या छोट्या विक्रेत्याला एफएसएसएआयकडे नाममात्र शुल्कात नोंदणीही करता येते. कारवाईत तिला उठवायचं आणि टपरीवरच्या माळा तशाच ठेवायच्या, हे नियमाच्या हेतूच्या अगदी विरुद्ध होईल.

पाकिटांतही काही ‘चांगली’ असतात ना? आंब्याचं पेय, माल्टची पावडर, आट्याची बिस्किटं? आपल्या नियमांनुसार ‘फ्रूट ड्रिंक’ म्हणवून घ्यायला साधारणपणे १० टक्के फळ असलं तरी चालतं. बाकी मुख्यतः पाणी आणि साखर. अशा पेयाच्या १०० मिलीलिटरमध्ये १२ ते १४ ग्रॅम साखर सहज असते. म्हणजे २०० मिलीच्या खोक्यातून पोटात जातात पाच-सहा चमचे. माल्टच्या पावडरींना आपण वर्षानुवर्षं ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणत आलो, पण अन्न कायद्यात तशी व्याख्याच नाही. म्हणूनच एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं त्या गटातून काढायला सांगितलं.

‘आमचा मुलगा तर काडी आहे, त्याला काय होतंय!’ हा समज मला सगळ्यांत जास्त काळजीचा वाटतो. केंद्र सरकारच्या २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वयोगटातली सुमारे ४ टक्के आणि १० ते १९ वयोगटातली सुमारे ५ टक्के मुलं जादा वजनाची आढळली. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली मात्र दोन्ही गटांत सुमारे १० टक्के. जादा वजनाच्या मुलांपेक्षा ही संख्या दुप्पट आहे, म्हणजे त्यातली बरीच मुलं दिसायला बारीकच असणार.

सरकारी शाळांत पोटभर जेवण मिळतं, मग मुलं टपरीवर कशाला जातात, असाही प्रश्न विचारला जातो. जेवणाच्या बाबतीत या शहराची परंपरा खरोखर मोठी आहे. १९२० साली, पी. त्यागराय चेट्टी मद्रास महापालिकेचे अध्यक्ष असताना, थाउजंड लाइट्स भागातल्या शाळेत मुलांना दुपारचं खाणं द्यायला सुरुवात झाली. मुख्यमंत्री कामराजांनी १९५० च्या दशकात ती कल्पना राज्यभर नेली, मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये तिला पौष्टिक आहार योजनेचं रूप दिलं, पुढे जेवणात अंडी आली. २०२२ पासून प्राथमिक वर्गांना सकाळी उपमा, खिचडी किंवा पोंगल आणि सांबार मिळतं. पण ही योजना दुपारपाशी थांबते. जेवण होऊन तीन-साडेतीन तास झालेले असतात, घर लांब असतं, आई-वडील कामावर. ही भूक लाडाची नसते, आणि तिच्या वाटेवर पहिली भेटते ती टपरी. खासगी शाळेतल्या मुलाचं तरी काय वेगळं? त्याचा डबाही मधल्या सुट्टीतच संपलेला असतो.

चांगलं खाणं महाग पडतं, असं म्हणणाऱ्यांनी चेन्नईतलं सुंडल आठवावं. उकडलेले हरभरे किंवा वाटाणे, मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, वर ओलं खोबरं. मरीनाच्या वाळूवर कागदाच्या पुडीत मिळतं ते हेच. उकडलेल्या हरभऱ्यांच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ९ ग्रॅम प्रथिनं आणि ७-८ ग्रॅम तंतू असतात. केळं, पेरू, फुटाणे, उकडलेल्या शेंगा यांचाही खर्च पाकिटांच्या आसपासच राहतो. तामिळनाडूतल्याच कोविलपट्टीच्या शेंगदाणा चिक्कीला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यात गूळ भरपूर असतो हे खरं, तरी तिचा एक तुकडा टॉफीपेक्षा कितीतरी बरा.

अडचण दुकानदाराच्या हिशेबात आहे. पाकीट महिनोन्महिने टिकतं, वितरकाचा माणूस ते दुकानात आणून देतो, कंपनी फ्रीज आणि रॅकही देते. केळं तीन दिवसांत काळं पडतं आणि नुकसान त्याचं एकट्याचं. संध्याकाळी उरलेल्या सुंडलचं काय करायचं? टपरीवाल्याला दोष देऊन हा हिशेब बदलणार नाही. शाळेची पालक सभा, अन्न सुरक्षा अधिकारी आणि तो दुकानदार एकत्र बसले तर निदान घड खाली आणि माळा वर, एवढं उद्यापासून होऊ शकतं. सीबीएसईने मे २०२५ मध्ये शाळांना ‘शुगर बोर्ड’, म्हणजे खाण्यातल्या साखरेची माहिती देणारा फलक, लावायला सांगितलं. तो फलक वर्गाइतकाच फाटकाबाहेरच्या दुकानालाही हवा. आणि सकाळचा उपमा ज्या बचत गटांच्या बायका रांधतात, त्यांना दुपारी चार वाजता त्याच फाटकाशी सुंडलची गाडी लावायला जागा, भांडी आणि पहिल्या काही महिन्यांच्या उरलेल्या मालाची भरपाई महापालिकेने द्यावी. हरभरे भिजवायचे कसे, हे त्यांना कोणी शिकवायला नको.