झाकोळलेले दिवस, मरगळलेले मन

जळगावजवळच्या नशिराबादला सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो. नॉर्वेतील ट्रॉम्सो गावी मात्र हिवाळ्यात जवळजवळ दोन महिने सूर्य उगवतच नाही! ऋतूबरोबर येणाऱ्या उदासीनतेचे वर्णन डॉ. नॉर्मन रोझेन्थाल व सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९८४ साली केले. सकाळचा प्रकाश डोळ्यांवाटे मेंदूतील घड्याळ जुळवतो. तो अपुरा पडला, की झोप व मन बिघडू शकते.

श्रावणातल्या झाकोळात तुम्हीही मरगळता ना? मग सकाळी पुस्तक घेऊन अंगणात बसा. खोलीत ट्यूबलाइटखाली जेमतेम काहीशे लक्स प्रकाश असतो, ढगाळ अंगणात काही हजार. डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, हीच गंमत! मात्र उदासी दोन आठवडे हटली नाही, खेळही नकोसा झाला, तर ऋतूला बोल लावू नका. आईवडिलांना, गुरुजींना सांगा. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी दूरध्वनी मोफत आहे.