एस्लिंगेनहून: कोणता पाय दुखतोय?

एस्लिंगेन, नोव्हेंबर

इथे आले त्या पहिल्या महिन्यातली गोष्ट. वॉर्डात सत्त्याऐंशी वर्षांच्या एक बाई होत्या. सकाळी त्यांना उठवायला गेले तर म्हणाल्या, ‘सिस्टर, फूस दुखतोय.’ फूस म्हणजे पाऊल. पुण्यातल्या जर्मनच्या वर्गात मी घोकलं होतं, घोट्याखाली फूस, घोट्याच्या वर बाइन. मी मोजा काढला, टाच पाहिली, बोटांच्या बेचक्या पाहिल्या, सूज आहे का दाबून बघितलं. काहीच नाही. बाई वैतागल्या. त्यांनी माझा हात धरला आणि पार खुब्याजवळ नेऊन ठेवला.

सोबतच्या नर्सने नंतर सांगितलं की इथल्या श्वेबिश बोलीत खुब्यापासून अंगठ्यापर्यंत सगळा फूसच. मला आमची भिवंडी आठवली. आजी ‘पाय दुखतोय गं’ म्हणते तेव्हा आपण काही लगेच पाऊल बघत नाही. विचारतो, ‘कुठे, गुडघ्यात का पोटरीत?’ माझ्या मराठीने मला बरोबर जागी नेलं असतं. मी ती बाजूला ठेवून पुस्तकातली जर्मन चालवत होते.

दुसरा शब्द जास्त धोक्याचा निघाला. पुस्तकात ‘हेबन’ म्हणजे उचलणं. पलंगाच्या काठावर बसलेले एक आजोबा ‘हेबन, हेबन’ करू लागले आणि मी काखेत हात घालून त्यांना उचलायला गेले. त्यांचा तोल जात होता, नुसतं धरून ठेवायला हवं होतं. श्वेबिशमध्ये हेबन म्हणजे धरणं. उचलण्याला ‘लुप्फन’. धरायचं की उचलायचं यात गफलत झाली तर पेशंट पडतो, नाहीतर नर्सची कंबर जाते.

भिवंडीहून मुलींचे फोन येतात. ‘ताई, किती पैसे लागतात? व्हिसा किती दिवसांत होतो?’ भाषेचं विचारतात ते अगदी शेवटी, फोन ठेवता ठेवता. म्हणून आधी हेच लिहिलं.

एस्लिंगेन हे स्टुटगार्टजवळचं, नेकार नदीकाठचं जुनं गाव. गावाच्या डोक्यावर द्राक्षांचे मळे आहेत. राज्य बाडेन-व्युर्टेम्बर्ग. मुंबई आणि स्टुटगार्टचं भगिनी-शहरांचं नातं 1968 पासूनचं, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. सुरुवातीला दहा हजार जणांना पाठवायचं असं त्यात ठरलं, आणि त्या यादीत नर्सेसही आहेत. केरळच्या मुली मात्र 1960 च्या दशकातच चर्चच्या ओळखीने इकडे आल्या. त्यांच्यातल्या कित्येकींची नातवंडं आज इथली आहेत. आपण फार उशिरा निघालो, आणि उशिरा निघणाऱ्याला आधीच्यांचा अनुभव फुकट मिळतो. तो घ्यावा.

गरज या देशाला खरोखर आहे. दर पाच माणसांत एकाहून जास्त माणूस पासष्टीच्या पुढचा, आणि जुन्या नर्सेसही आता निवृत्त होत आहेत. पण गरज आहे म्हणून दार सताड उघडं आहे असं समजू नका. इथे डॉक्टरांसारखीच नर्सच्या व्यवसायाला मान्यता लागते आणि ती राज्याचं कार्यालय देतं. ते तुमचा अभ्यासक्रम त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतात. जीएनएमच्या तीन वर्षांत कुठल्या विभागात किती तास काढले, तेही बघतात. मग काय कमी पडतं त्याचं पत्र येतं. ते भरून काढायला दोन वाटा, एक म्हणजे काही महिन्यांचं पूरक प्रशिक्षण आणि दुसरी म्हणजे परीक्षा. परीक्षेत तोंडी भाग असतो, आणि खऱ्या पेशंटजवळ उभं राहून करून दाखवायचा भागही असतो. नापास झालात तर एकदाच पुन्हा बसता येतं. भाषा साधारणपणे बी-टू पातळीची लागते. हे सगळं पुरं होईपर्यंत तुम्ही नर्स नसता, मदतनीस असता, आणि पगारही मदतनिसाचाच. भिवंडीत सहा वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या बाईला हे फार लागतं. मला लागलं. एक मात्र चांगलं आहे. मान्यता एकदा मिळाली की ती जर्मनीच्या सोळाही राज्यांत चालते. आपल्याकडे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी घेऊन नाशिकहून सुरतला जायचं म्हटलं तरी कागद नव्याने हलवावे लागतात.

आता कामाबद्दल, कारण खरा धक्का तिथे बसतो. भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये मी होते. जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या लूम कामगाराची शीर अंधारातही सापडायची मला. इथे सलाइनची सुई टोचणं बहुतेक ठिकाणी डॉक्टरांचं काम. आणि जे आपल्याकडे आई, सून किंवा वॉर्डातल्या मावशी करतात, म्हणजे अंग पुसणं, भरवणं, कवळी धुणं, डायपर बदलणं, ते इथे नर्सचं काम. नातेवाईक भेटीला येतात, फुलं ठेवतात, जातात. पहिले काही आठवडे मी रात्री रडले. यासाठी का शिकले, असं वाटायचं.

ते वाटणं गेलं ते एका वरिष्ठ नर्समुळे. अंग पुसता पुसता ती पाठीवरचा लालसर डाग बघत होती, श्वास ऐकत होती, म्हातारीने काल उजवा हात वर केला होता आणि आज केला नाही हे टिपत होती. पुसून झाल्यावर तिने अर्धं पान लिहिलं आणि डॉक्टरांना फोन केला. म्हातारीला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. आंघोळ घालण्यात इतकी विद्या असते हे मला कुणी शिकवलं नव्हतं. 2020 पासूनच्या इथल्या कायद्यात पेशंटला कोणती शुश्रूषा हवी हे ठरवणं आणि तिचं नियोजन करणं ही कामं फक्त प्रशिक्षित नर्ससाठी राखून ठेवली आहेत. डॉक्टरसुद्धा ती करू शकत नाही. आपल्याकडे असा अधिकार नर्सला मिळालेला बघायची मला फार इच्छा आहे.

पैशांचं विचारता, तर ऐका. निवडीसाठी उमेदवाराने दलालाला पैसे द्यायचेच नसतात, खर्च मालकाचा असतो. ‘न्याय्य भरती’ असं सरकारी गुणचिन्ह इथे आहे, ते ज्या संस्थेकडे असेल तिच्याशीच बोला. मी आधी एका एजंटच्या नादी लागले होते. त्याने पैसे घेतले आणि माझी मूळ प्रमाणपत्रं सात महिने अडकवून ठेवली. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका. करारात ‘अमुक वर्षांच्या आत सोडलं तर खर्च परत’ असं कलम असतं, ते सही करण्याआधी मराठीत समजून घ्या.

आणि एक सांगायचंच आहे. भिवंडीच्या मुलींना वाटतं, आपल्याला भाषा जमणार नाही. अगं, पद्मानगरातल्या अम्मांना तेलुगूत ‘नोप्पी कुठे’ विचारणाऱ्या, मोमीन घरातल्या दादीशी उर्दूत बोलणाऱ्या, यूपीच्या भैयाला हिंदीत गोळ्या समजावणाऱ्या आणि काल्हेरच्या आगरी काकूंशी त्यांच्या बोलीत बोलणाऱ्या तुम्हीच ना? माझी आई कांड्या भरायची, बाबा लूमवर. त्या खडखडाटात बाबांचे कान गेले. त्यांच्याशी बोलताना समोर बसून, चेहरा दाखवून, सावकाश बोलायची सवय घरातच लागली. इथल्या कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्यांना माझं मोडकं जर्मन कळतं ते त्यामुळे.

शेलारची एक मुलगी सध्या बी-टूची तयारी करते. रविवारी इथे दुकानं बंद, रस्ते शांत, तेव्हा आम्ही व्हिडिओवर बसतो. परवा दुखण्याचे शब्द घेतले. टोचतं, जळजळतं, ठणकतं, ओढल्यासारखं होतं, या सगळ्यांना जोडीचे शब्द मिळाले. मग तिने विचारलं, ‘ताई, कळ येते याला काय म्हणायचं?’ बाळंतपणाच्या कळांचा शब्द मला ठाऊक होता. पण बसल्याजागी पाठीतून निघते ती कळ? सोमवारी वॉर्डात त्या फूसवाल्या बाईंसारख्याच एका आजींना विचारून सांगते म्हटलंय.