ग्रंथालयातली बैठक: सूचना कमी, वाचक जास्त

आपल्या सार्वजनिक ग्रंथालयांत ग्रंथपाल, लिपिक, शिपाई मिळून मोजकीच माणसं. तरी बैठक म्हटलं की एकजण बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. हे बदलता येतं!

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचं. बैठकीतला प्रत्येक विषय या कसोटीवर घासून बघा. नुसत्या सूचना असतील तर त्या फलकावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर द्या. बैठक ठेवा ती निर्णयांसाठी: कोणती पुस्तकं वाचक मागतात आणि आपल्याकडे नाहीत, थकलेली पुस्तकं परत कशी आणायची, मोजदाद कधी करायची.

सुरुवात देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्यापासून करा. वाचक रिकाम्या हाताने का परतला, हे त्यालाच ठाऊक असतं. पुस्तकं कपाटात लावणाऱ्या शिपाईदादांनाही विचारा. चुकीच्या जागी गेलेली पुस्तकं आधी त्यांनाच दिसतात. माझ्या मते ग्रंथपालांनी शेवटी बोलावं.

वेळ ग्रंथालय उघडण्याआधीची ठेवा. इतिवृत्तात भाषणं नकोत. काम, कोण करणार, कधीपर्यंत, एवढंच लिहा आणि पुढची बैठक तिथूनच सुरू करा.

तुमच्या ग्रंथालयात बैठक कशी होते? नक्की सांगा.