कर्ण मोजला का?

जमिनीचे छोटे तुकडे विकण्यावरची तुकडेबंदी शिथिल झाल्याची बातमी आली आणि शहरांलगतच्या गुंठेवारीत पुन्हा टेप बाहेर निघाले. गुंठा म्हणजे ३३ गुणिले ३३, म्हणजे १,०८९ चौरस फूट, हे तिथे सगळ्यांना तोंडपाठ. पण ओढा, पाणंद आणि भाऊबंदांच्या वाटणीतून उरलेला तुकडा चौरस कशाला असेल?

मग सर्रास चालते ती रीत अशी: समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. रीत पुरातन आहे. ब्रह्मगुप्तानेही इ.स. ६२८ मध्ये ती दिली, मात्र 'स्थूल' म्हणून. तिचं उत्तर खऱ्या क्षेत्रफळापेक्षा जास्तच येतं. नेमकं येतं ते फक्त आयतात. थोडक्यात, चूक झालीच तर विकणाऱ्याच्या पथ्यावर पडणारी. ती इतकी वर्षं टिकली यात नवल ते काय!

नुसत्या बाजूंवरून क्षेत्रफळ काढण्यावर सगळ्यात जास्त चिडले ते भास्कराचार्य. ज्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने चाळीसगावजवळ पाटणला मठ काढला, तेच. कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचं नेमकं क्षेत्रफळ विचारणारा पिशाच्च, आणि उत्तर देणारा त्याहून मोठा पिशाच्च, असं त्यांनी ११५० च्या 'लीलावती'त सुनावलं आहे. गणिताच्या पुस्तकात एवढा राग क्वचितच सापडतो, आणि तो रास्त आहे. त्यांचंच उदाहरण घ्या. चारही बाजू २५. चौरस असेल तर क्षेत्रफळ ६२५. जरा कलंडला आणि कर्ण ३० व ४० झाले, की ६००. आणखी दबला, कर्ण १४ व ४८ झाले, की अवघं ३३६! बाजू मात्र तेवढ्याच. टेप घेऊन कडेकडेने कितीही फेऱ्या मारा, पडलेला फरक दिसणार नाही.

आपल्या खरेदीखतात चतुःसीमा असते: पूर्वेला अमुक, पश्चिमेला तमुक. शाळेतही 'लांबी गुणिले रुंदी' इतकं घोटतात की तिरका चौकोन परीक्षेपुरताच उरतो. कर्णाचं नाव कुठेच नाही.

खरं तर काम पाच मिनिटांचं आहे. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप ताणायचा, की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात. २५, २५, ३० या त्रिकोणाच्या बाजूंची निम्मी बेरीज ४०. तीतून एकेक बाजू वजा केली की १५, १५, १०. चारही आकड्यांचा गुणाकार ९०,०००, त्याचं वर्गमूळ ३००. दुसरा त्रिकोणही तसाच, म्हणून ६००. मोबाइलवर होणारा हिशेब आहे हा. तो इसार देण्याआधी करावा. मोजणीचा नकाशा हातात येईपर्यंत दलालाचे पैसे देऊन झालेले असतात.