खिडकीतलं रेखाटन : बांध कोणाच्या शेतात?

तुटक रेघांबद्दल या आठवड्यात लिहीन म्हणालो होतो. ते राहू द्या. सांगलीच्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे आणि तो माझ्या इतक्या लाडक्या विषयावरचा आहे की आजचा सगळा लेख त्यालाच द्यावा लागणार.

त्यांची तक्रार अशी. विंडोज फॉर्म्समध्ये एका पॅनेलभोवती काळी चौकट हवी होती. पेंट इव्हेंटमध्ये त्यांनी ड्रॉरेक्टँगलला एक पिक्सेलचं काळं पेन दिलं आणि पॅनेलचं क्लायंटरेक्टँगल जसंच्या तसं दिलं. प्रोग्रॅम चालवला तर डावी रेघ दिसते, वरची दिसते, उजवी आणि खालची नाहीतच. रंग बदलून पाहिला, पेन बदलून पाहिलं, फरक शून्य. ‘गेल्या वेळी तुम्ही डिस्पोजचं एवढं बजावलंत, त्यातलंच काही चुकतंय का?’ असा त्यांचा सवाल.

डिस्पोजचा इथे काही संबंध नाही. त्या दोन्ही रेघा प्रोग्रॅमने इमानेइतबारे काढल्या आहेत, फक्त पॅनेलच्या एक पिक्सेल बाहेर. पॅनेलबाहेर जे पडेल ते विंडोज छाटून टाकतं, म्हणून त्या दिसत नाहीत. रुंदी आणि उंची या दोन्हींतून एक वजा करा, चौकट पुरी होईल. हे ‘वजा एक’ बहुतेक जण कुठून तरी उचलतात, कोडमध्ये चिकटवतात आणि जन्मभर कारण न विचारता वापरतात. आपण विचारू.

पॅनेल 100 पिक्सेल रुंद आहे असं धरा. त्यातले पिक्सेल 0 ते 99 क्रमांकाचे. आयताची डावी कड 0 वर आणि उजवी कड 0 अधिक 100, म्हणजे 100 वर. ड्रॉरेक्टँगल या दोन्ही कडांवर पेन फिरवतो. आता 100 क्रमांकाचा पिक्सेल या पॅनेलमध्ये आहेच कुठे? तो शेजारचा. चौकट 0 पासून 100 पर्यंत गेली, म्हणजे 101 पिक्सेल रुंद झाली. याच आयतावर फिलरेक्टँगल चालवला तर तो 0 ते 99 असे बरोबर 100 पिक्सेल भरतो. आयत एकच, पण ब्रशच्या हिशेबाने तो 100 चा आणि पेनच्या हिशेबाने 101 चा.

शेतीवाडीच्या घरातल्या माणसाला हा तंटा नवा नाही. मोजणीच्या नकाशावर दोन गटांमधली हद्द म्हणजे नुसती रेघ, तिला रुंदी नसते. शेतात मात्र त्याच जागी चांगला दोन-तीन फुटांचा बांध असतो. मग तो गेला कोणाच्या जमिनीतून? निम्मा याच्या आणि निम्मा त्याच्या, की सगळा एकाच्याच? आकृतीची कड ही हद्द आणि पेनने काढलेली रेघ हा बांध. रेघेला जाडी आली की ती कुठे तरी बसणार, आणि कुठे बसणार याची तीनच उत्तरं आहेत : मधोमध, आत किंवा बाहेर. ग्राफिक्सच्या प्रत्येक प्रणालीने यातलं एक निवडलं आहे, आणि ही निवड प्रत्येकीची वेगळी असल्यामुळेच आपली डोकेदुखी आहे.

मधोमधचं उत्तर सगळ्यात जुनं. ते खऱ्या, शाईच्या पेनाकडून आलं. 1962 मध्ये आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत जॅक ब्रेसनहॅम हा तरुण आयबीएम 1401 संगणकाला जोडलेल्या कॅलकॉम्प प्लॉटरवर काम करत होता. प्लॉटरचं पेन एका वेळी एकच छोटं पाऊल टाकू शकायचं : आडवं, उभं किंवा तिरपं. मग कोणत्याही कोनातली सरळ रेघ काढायची तर पुढचं पाऊल कोणत्या दिशेला, हे दर पावलाला ठरवावं लागणार. ब्रेसनहॅमने ते गुणाकार-भागाकाराच्या फंदात न पडता, बेरीज-वजाबाकी आणि तुलनेवर भागवलं. 1965 मध्ये त्याची ही रीत आयबीएम सिस्टिम्स जर्नलमध्ये छापून आली, आणि पडद्यावर एक पिक्सेलची तिरकी रेघ काढायची पहिली शिकवणी आजही तिथूनच सुरू होते. त्या प्लॉटरच्या निबाचा मध्य ठरलेल्या वाटेवरून जायचा आणि शाई दोन्ही अंगांना सारखी पसरायची. बांध निम्मा-निम्मा. हे कोणी मुद्दाम ठरवलं नव्हतं, निबच तसा होता.

पुढे 1984 मध्ये अ‍ॅडोबीची पोस्टस्क्रिप्ट आली तेव्हा तिनेही हाच नियम धरला : रेघेची निम्मी जाडी वाटेच्या या बाजूला, निम्मी त्या बाजूला. कागदावर ते शोभलंही. लेझर प्रिंटर इंचाला 300 ठिपके उमटवणार, त्यात अर्धा ठिपका इकडे काय नि तिकडे काय!

पडद्याचं तसं नव्हतं. त्याच वर्षी, 24 जानेवारीला, अ‍ॅपलचा मॅकिंटॉश बाजारात आला. पडदा 512 बाय 342 पिक्सेलांचा, इंचाला 72 पिक्सेल, आणि प्रत्येक पिक्सेल एक तर काळा नाही तर पांढरा. इथे अर्धा पिक्सेल दाखवायची सोयच नाही. मॅकचं क्विकड्रॉ बिल अ‍ॅटकिन्सनने लिहिलं आणि त्याने निर्देशांकांची कल्पनाच नीट मांडून घेतली. जाळीच्या रेघांना जाडी नाही आणि पिक्सेल राहतात त्या रेघांमधल्या घरांत, हा त्याचा पाया. पेन हा एक छोटा आयत, तो दिलेल्या बिंदूच्या खाली आणि उजवीकडे लटकतो. त्याची रुंदी आणि उंची वेगवेगळी ठेवता येते. आयताची चौकट काढणारं फ्रेमरेक्ट मात्र रेघ पूर्णपणे आयताच्या आत बसवतं. पेन एक पिक्सेलचं घ्या नाही तर पाचचं, बाहेरची कड तसूभरही हलत नाही. भरलेला आयत आणि चौकटीचा आयत एकमेकांवर चपखल बसतात. माझ्या मते या बाबतीत क्विकड्रॉइतकी स्वच्छ मांडणी नंतर कोणी केली नाही.

विंडोजचं जीडीआय यायला नोव्हेंबर 1985 उजाडावा लागला. गेल्या दोन लेखांत आपण त्याच्या हँडल्सशी झगडलो आहोतच. त्यातलं रेक्टँगल हे फंक्शन एका फटक्यात दोन्ही कामं करतं : निवडलेल्या पेनने कड आणि निवडलेल्या ब्रशने आतला भाग. ते उजवी आणि खालची कड वगळतं. 0 ते 100 दिलंत तर चौकट 0 ते 99 मध्ये बसते. सांगलीकरांनी हेच काम जीडीआयमध्ये केलं असतं तर त्यांना पत्र लिहावंच लागलं नसतं.

पण इथेही एक मेख आहे. कड नको, नुसता रंग भरायचा आहे म्हणून तुम्ही नल पेन निवडलंत, तर आयत रुंदीत आणि उंचीत आणखी एकेका पिक्सेलने लहान होतो. 100 ची अपेक्षा, मिळतात 99. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे, पण तिथपर्यंत कोण वाचतो? जाड पेनच्या बाबतीत जीडीआय पुन्हा मधोमधवर येतं. रेघ पुरती आत हवी असेल तर इनसाइडफ्रेम शैलीचं पेन बनवायचं, मग पेनच्या जाडीचा हिशेब करून आकृतीच आक्रसते.

वाटेत एक आडवळण घेतो. जीडीआयचं लाइनटू शेवटचा बिंदू रंगवत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. हा चावटपणा नाही. माऊस ओढताना जी रबरासारखी ताणली जाणारी रेघ दिसते, ती जुन्या काळी एक्सॉर पद्धतीने काढत : एकदा काढली की उमटते, तिथेच दुसऱ्यांदा काढली की पुसली जाते. आता अशा रेघांची साखळी जोडली आणि प्रत्येक सांध्यातला पिक्सेल दोनदा रंगला, तर सांध्यासांध्यावर भोक पडेल. शेवटचा बिंदू सोडून दिला की तो पुढच्या रेघेचा पहिला बिंदू होतो आणि एकदाच रंगतो.

आता आपल्या प्रश्नाचं मूळ. 2001 मध्ये विंडोज एक्सपीबरोबर जीडीआय प्लस आलं आणि पुढच्या वर्षी डॉटनेटने सिस्टिम ड्रॉइंगच्या वेष्टनात तेच आपल्या हाती दिलं. त्याची घडण पोस्टस्क्रिप्टच्या वळणाची : वाट, तिच्यावर मधोमध बसणारी रेघ, दशांशातले निर्देशांक, कडा मऊ करायची सोय. त्यात पूर्णांक निर्देशांक म्हणजे पिक्सेलचा मध्य, असं ते एरवी धरून चालतं. म्हणून 0 वरची एक पिक्सेलची रेघ 0 क्रमांकाचा पिक्सेल पूर्ण व्यापते आणि 100 वरची रेघ 100 क्रमांकाचा. कागदाचा नियम पडद्यावर आणला, त्याची किंमत म्हणजे तुमचं ‘वजा एक’.

ब्राउझरच्या कॅनव्हासवर हाच रोग वेगळ्या लक्षणांनी दिसतो. तिथे पूर्णांक म्हणजे दोन पिक्सेलांमधली फट. 10 वर एक जाडीची उभी रेघ काढली की ती साडेनऊ ते साडेदहा पसरते, दोन पिक्सेल निम्मेनिम्मे व्यापते आणि काळ्या रेघेऐवजी दोन पिक्सेलांचा राखाडी पट्टा उमटतो. म्हणून जाणते लोक तिथे 10.5 लिहितात.

डब्ल्यूपीएफमध्ये तर एकाच घरात दोन कायदे आहेत. त्यातला रेक्टँगल हा घटक खिडकीत ठेवलात तर त्याची कड दिलेल्या मापाच्या आत राहते. तोच आयत ड्रॉइंग कॉन्टेक्स्टवर पेन देऊन काढलात तर कड मधोमध बसते, निम्मी बाहेर.

‘मग पेनलाच सांगता येत नाही का, आत बस म्हणून?’ येतं. सिस्टिम ड्रॉइंगमधल्या पेनच्या अलाइनमेंट या गुणात पाच पर्याय आहेत : सेंटर, इनसेट, आउटसेट, लेफ्ट आणि राइट. त्यांतले शेवटचे तिन्ही शोभेचे, ते दिले तरी रेघ मधोमधच बसते. राहिला इनसेट. त्याच्याबद्दल कागदपत्रंच सांगतात की त्याचा भरवसा नाही, रेघ कधी आत बसते तर कधी मधोमध. शिवाय आत बसायला आधी ‘आत’ असावं लागतं. आयत, लंबवर्तुळ, बहुभुज यांना ते असतं. मोकळ्या रेघेला ना आत ना बाहेर, तिथे मधोमधशिवाय गत्यंतर नाही.

म्हणून माझी रीत साधी आहे. इनसेटच्या नादी लागायचं नाही, आयत आपणच आक्रसायचा. पेन एक पिक्सेलचं असेल तर रुंदी-उंचीतून एक वजा. पेन चार पिक्सेलचं असेल तर सुरुवात निम्म्या जाडीने, म्हणजे दोनने, आत सरकवायची आणि रुंदी-उंचीतून पूर्ण जाडी वजा करायची. 100 च्या पॅनेलला आयत होईल 2, 2, 96, 96. रेघ डावीकडे 0 ते 3 आणि उजवीकडे 96 ते 99 व्यापेल. मोजून पाहा. तीन-पाच अशा विषम जाड्यांना निम्मे करताना अर्धा उरतो, तो खाली उतरवून घ्या, आणि रुंदीतून मात्र पूर्ण जाडीच वजा करा. नुसती साधी चौकटच हवी असेल तर कंट्रोलपेंटमधलं ड्रॉबॉर्डर वापरा, ते मुळातच आतून काढतं.

सांगलीकरांना आणखी एक इशारा. चौकट पूर्ण दिसली, की तुम्ही खिडकी ओढून मोठी कराल आणि जुन्या उजव्या रेघा पॅनेलभर मागे राहिलेल्या दिसतील. कारण विंडोज फक्त नव्याने उघडा पडलेला भाग रंगवायला सांगतं. रीसाइझरीड्रॉ हा गुण चालू करावा लागेल. तो प्रोटेक्टेड असल्यामुळे पॅनेलवरून स्वतःचा क्लास काढून त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये तो लावा.

बाकीच्यांसाठी एक प्रयोग. फॉर्मची पार्श्वभूमी पांढरी करा. 50, 50 पासून 200 बाय 100 चा आयत पिवळ्या ब्रशने भरा. मग त्याच आयतावर 20 जाडीच्या, अर्धपारदर्शक लाल पेनने चौकट काढा. त्यासाठी फ्रॉमएआरजीबीला पहिला आकडा 128 द्या. रेघेची आतली निम्मी पट्टी नारिंगी दिसेल आणि बाहेरची गुलाबी. आता अलाइनमेंट इनसेट करा आणि काय होतं ते बघा. हे सगळं शब्दांत सांगायला मला अख्खा लेख लागला, पडद्यावर ते एका नजरेत कळतं.

जाता जाता दुसऱ्या एका पत्राला उत्तर. पेन्स डॉट ब्लॅकसारखी तयार पेनं डिस्पोज करायची नाहीत. ती सगळ्यांच्या सामाईक मालकीची असतात. करायला गेलात तर सरळ आर्ग्युमेंट एक्सेप्शन येतं. न्यू लावून तुम्ही बनवलेलं पेन तेवढं तुमचं, तेच डिस्पोज करा.

तुटक रेघा पुढच्या आठवड्यात, आणखी कोणी असा प्रश्न पाठवला नाही तर. तोवर एक विनंती : कोडमध्ये ‘वजा एक’ लिहाल तिथे शेजारी त्याचं कारण एका ओळीत लिहून ठेवा. नाही तर पुढे ते कोड हाती घेणारा माणूस ती चूक समजून काढून टाकेल.